प्रतिकृती सबमशीनगन

प्रतिकृती सबमशीनगन म्हणजे खऱ्या सबमशीनगनचे रूप, माप आणि शक्य तेथे वजनही हुबेहूब उतरवलेली, परंतु खरे काडतूस उडवू न शकणारी वस्तू होय. अशा प्रतिकृतींचा उपयोग मुख्यतः चित्रपट व नाटकांतील प्रॉपर्टी म्हणून, संग्रहासाठी आणि एअरसॉफ्ट या खेळात केला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील स्टेन, थॉम्पसन, एमपी ४० आणि पीपीएसएच-४१ या शस्त्रांच्या प्रतिकृती विशेष लोकप्रिय आहेत. प्रतिकृतीचे मोल तिच्या हुबेहूबपणात असते. तिचा धोकाही त्याच हुबेहूबपणातून उद्भवतो. मुंबईतील आरे वसाहतीसारख्या ठिकाणी, जेथे चित्रीकरण, सशस्त्र पोलिसांची वस्ती, आदिवासी पाडे आणि जंगल एकमेकांना लागून आहेत, तेथे ही बाब अधिक महत्त्वाची ठरते.

## संज्ञा

पिस्तुलाचे काडतूस वापरणारी, दोन्ही हातांनी धरायची, आपोआप एकामागून एक गोळ्या झाडणारी आखूड बंदूक म्हणजे सबमशीनगन. भारतीय लष्करात व पोलीस दलात तिला सामान्यतः ‘कार्बाइन’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत मात्र ‘स्टेनगन’ हा शब्द रूढ झाला असून अनेकदा तो कोणत्याही कार्बाइनसाठी सरसकट वापरला जातो. ‘स्टेनगनधारी पोलीस’ हा शब्दप्रयोग याचेच उदाहरण होय. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हत्येत वापरलेल्या शस्त्राचा उल्लेखही काही वर्णनांत स्टेनगन, तर काहींत स्टर्लिंग कार्बाइन असा आढळतो.

दिवाळीतील टिकल्यांची बंदूक हे खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक आहे. खेळणे दुरूनही खेळणे म्हणून ओळखू येते. प्रतिकृती जवळून पाहिल्याखेरीज ओळखता येत नाही.

## मूळ शस्त्रे

प्रतिकृतीची निवड करताना मूळ शस्त्राची माहिती आवश्यक ठरते. प्रमुख नमुने पुढीलप्रमाणे आहेत.

| नमुना | देश | काळ | काडतुसाचा व्यास | मॅगझिनची क्षमता |
|---|---|---|---|---|
| थॉम्पसन | अमेरिका | १९२१ पासून | ०.४५ इंच | २० किंवा ३०. जुन्या नमुन्यांत ५० वा १०० गोळ्यांचे गोल मॅगझिनही |
| एमपी ४० | जर्मनी | १९४० | ९ मिमी | ३२ |
| स्टेन | ब्रिटन | १९४१ | ९ मिमी | ३२ |
| पीपीएसएच-४१ | सोव्हिएत संघ | १९४१ | ७.६२ मिमी | ३५ किंवा ७१ (गोल) |
| स्टर्लिंग | ब्रिटन | १९५३ पासून ब्रिटिश सैन्यात | ९ मिमी | ३४ |

स्टेन हे नाव रेजिनाल्ड शेफर्ड व हॅरोल्ड टर्पिन या दोन रचनाकारांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि एनफिल्ड या कारखान्याच्या नावातील पहिली दोन अक्षरे मिळून तयार झाले. डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटनला स्वस्त व झटपट तयार होणाऱ्या शस्त्राची निकड होती. त्यामुळे पोलादी नळ्या व पत्रे कापून, वाकवून आणि जोडून स्टेन तयार करण्यात आली. तिच्या सुमारे चाळीस लाख प्रती बनल्या. ती अडकण्याबद्दल कुप्रसिद्ध होती. २७ मे १९४२ रोजी प्राग येथे नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिख याच्यावरील हल्ल्यात ऐन वेळी स्टेनमधून गोळी सुटली नाही आणि साथीदाराला बाँब फेकावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याने थॉम्पसन व स्टेन या दोन्ही शस्त्रांचा वापर केला. पुढे कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यात स्टर्लिंगचे उत्पादन सुरू झाले. ‘कार्बाइन १ए१’ या नावाने ती सैन्यात व राज्य पोलीस दलांत अनेक दशके प्रचलित राहिली. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांच्या डोळ्यांसमोर येणारी ‘स्टेनगन’ ही बहुधा डाव्या बाजूस वक्र मॅगझिन असलेली स्टर्लिंगच असते.

## एअरसॉफ्टमधील प्रतिकृती

एअरसॉफ्ट हा प्लॅस्टिकचे हलके छर्रे झाडून खेळला जाणारा सांघिक खेळ आहे. त्याचा उगम १९७०च्या दशकात जपानमध्ये झाला. तेथे सामान्य नागरिकांस बंदुका बाळगणे जवळपास अशक्य असल्याने हुबेहूब प्रतिकृतींना मागणी निर्माण झाली. या खेळात ६ मिमी व्यासाचा, साधारणतः ०.२० ते ०.३० ग्रॅम वजनाचा छर्रा वापरतात.

कार्यप्रणालीनुसार प्रतिकृतींचे तीन प्रकार पडतात:

* स्प्रिंगवर चालणारी: प्रत्येक छऱ्यासाठी हाताने खटका ओढावा लागतो. ती स्वस्त असते, परंतु सबमशीनगनचा अनुभव देत नाही.
* विजेवर चालणारी: बॅटरी, मोटार आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने दट्ट्या मागे ओढला जातो व स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन हवा दाबतो. तोक्यो मारुई या जपानी कंपनीने १९९१ मध्ये या पद्धतीची पहिली यशस्वी बंदूक बाजारात आणली.
* वायूवर चालणारी: मॅगझिनमध्ये भरलेल्या वायूच्या दाबाने छर्रा सुटतो आणि यंत्रणा मागेपुढे हलते. मूळ शस्त्राचा धक्का काही प्रमाणात जाणवतो; मात्र थंड हवेत दाब घटतो.

बहुतेक प्रतिकृतींत ‘हॉप-अप’ ही रचना असते. नळीच्या वरच्या बाजूस असलेला रबराचा उंचवटा छऱ्याला उलटी फिरकी देतो. फिरकीमुळे छऱ्यास वर उचलणारा जोर मिळतो आणि तो अधिक अंतर जवळजवळ सरळ रेषेत जातो.

## निवड

जुन्या पद्धतीच्या प्रतिकृतीची निवड करताना केवळ देखणेपणा पाहून चालत नाही. मूळ शस्त्राच्या आकाराने काही मर्यादा घालून दिलेल्या असतात.

बॅटरीची जागा. थॉम्पसनच्या लाकडी वा लाकडासारख्या दस्त्यात बॅटरी सहज मावते. स्टेनचा दस्ता केवळ नळीचा किंवा तारेचा असल्याने तिच्यात लहान आकाराचीच बॅटरी बसते. पोकळ, घडीचा दस्ता असलेल्या एमपी ४० बाबतही हीच अडचण येते.

मॅगझिनची दिशा. स्टेन व स्टर्लिंग यांचे मॅगझिन डावीकडे आडवे असते. जमिनीवर पालथे पडून नेम धरताना ते सोयीचे ठरते, कारण खाली काही टेकत नाही. झाडाझुडपांतून जाताना मात्र ते वेलींत व फांद्यांत अडकते. पीपीएसएच-४१ चे गोल मॅगझिन भरपूर छर्रे सामावते, परंतु ते जड व बोजड असते.

सुटे भाग. तोक्यो मारुईच्या थॉम्पसनमधील यंत्रणा प्रचलित असल्याने तिचे भाग तुलनेने सहज उपलब्ध होतात. एजीएमच्या स्टेन व एमपी ४० या प्रतिकृती धातूच्या बाह्य आवरणामुळे आणि कमी किमतीमुळे लोकप्रिय झाल्या. कमी खपाच्या नमुन्यांची मॅगझिने स्वतंत्र मिळणे कठीण असते. म्हणून ती बंदुकीबरोबरच घेणे इष्ट.

छऱ्याचा प्रकार. ही तपासणी सर्वांत महत्त्वाची होय. उमारेक्स कंपनीची एमपी ४० सारखी दिसणारी एक बंदूक कार्बन डायऑक्साइडवर चालते आणि ४.५ मिमी व्यासाचे पोलादी छर्रे झाडते. ती केवळ निशाणेबाजीसाठी असून माणसांवर रोखण्यासाठी नाही. बाह्यरूप सारखे असल्याने दोन्हींत गल्लत होऊ शकते. खरेदीपूर्वी ‘६ मिमी, प्लॅस्टिक’ ही नोंद पाहणे आवश्यक आहे.

## वापर व सुरक्षितता

छऱ्याची ऊर्जा त्याच्या वजनावर व वेगावर अवलंबून असते. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाल्यास त्याची ऊर्जा १ जूल होते. त्वचेवर यामुळे लाल वळ उठतो. डोळ्यास मात्र कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे खेळण्यापूर्वी वेगमापक यंत्राने प्रत्येक बंदुकीचा वेग तपासण्याची प्रथा आहे.

सर्वसाधारणपणे पाळले जाणारे नियम पुढीलप्रमाणे आहेत:

* मैदानावर असेपर्यंत, खेळ थांबलेला असतानाही, मारा सहन करणारा संरक्षक चष्मा काढू नये. साधा उन्हाचा चष्मा चालत नाही. दात व चेहरा झाकणारा मुखवटा वापरावा.
* खेळाबाहेर प्रथम मॅगझिन काढावे, नंतर सुरक्षित दिशेने रिकामा चाप ओढून नळीतील उरलेला छर्रा बाहेर काढावा. त्यानंतर नळीच्या तोंडावर कापडी पिशवी चढवावी.
* जवळून छर्रे झाडू नयेत. स्वयंचलित माऱ्यासाठी किमान अंतर मैदानाच्या नियमांत ठरवलेले असते.
* स्टेन हातात धरताना मॅगझिनला मूठ समजू नये. मूळ शस्त्रात या सवयीने गोळी अडकत असे. प्रतिकृतीत मॅगझिनचा खटका सैल होतो.
* लिथियम पॉलिमर बॅटरी योग्य चार्जरवरच भारावी आणि फुगलेली बॅटरी वापरू नये.
* एकदा वापरलेले छर्रे पुन्हा भरू नयेत. त्यांवरील माती व ओरखडे नळीची हानी करतात.

## चित्रीकरणातील वापर

महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये गोरेगाव (पूर्व) येथे, आरे वसाहतीला लागून चित्रनगरी उभारली. २००१ पासून तिला दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. सुमारे ५२० एकरांच्या या परिसरातील मारधाडीच्या दृश्यांसाठी प्रतिकृती-शस्त्रे लागतात.

चित्रपटासाठी एकाच शस्त्राचे अनेक नमुने ठेवण्याची पद्धत जगभर आहे. उड्या व झटापटीसाठी रबराचा, दुरून दिसण्यासाठी फायबरचा आणि जवळच्या दृश्यासाठी धातूचा तपशीलवार नमुना वापरतात. नळीतून ज्वाला दाखवायची असल्यास गोळी नसलेले, केवळ दारूचे ब्लँक काडतूस वापरले जाते किंवा ज्वाला नंतर संगणकावर भरली जाते. ऐतिहासिक चित्रपटात शस्त्राचा काळ जुळणे महत्त्वाचे असते. १९४२ च्या प्रसंगात स्टर्लिंग दिसणे हा दोष मानला जातो. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतील सैनिकांची काल्पनिक बंदूक स्टर्लिंगवरच बेतलेली आहे.

ब्लँक काडतूसही निर्धोक नसते. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’ या चित्रपटाच्या सेटवर नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा ब्लँकच्या दाबाने सुटून अभिनेता ब्रँडन ली याचा मृत्यू झाला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर प्रॉपर्टी म्हणून हाताळल्या जाणाऱ्या रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटून छायाचित्रणकार हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या.

## आरे परिसरातील विशेष बाबी

१९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली आरे दुग्ध वसाहत सुमारे १,२८७ हेक्टरांवर पसरलेली आहे. ही जमीन शासकीय असून उत्तरेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. वसाहतीत गोठे, आदिवासी पाडे आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक ८ चा तळ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उभारलेल्या फोर्स वन या कमांडो दलाचे केंद्रही गोरेगावातच आहे. वसाहतीत बिबट्यांचा वावर असतो.

अशा ठिकाणी हातात उघडपणे प्रतिकृती घेऊन फिरणारी व्यक्ती अभिनेता आहे, खेळाडू आहे की सशस्त्र गुन्हेगार, हे दुरून पाहणाऱ्यास कळत नाही. पाड्यावरील रहिवासी, पहाटे फिरायला आलेले नागरिक आणि बंदोबस्तावरील पोलीस यांच्यापुढे निर्णयासाठी काही क्षणच असतात. त्यामुळे प्रतिकृतीची वाहतूक बंद पिशवीतून, मॅगझिन व बॅटरी वेगळी ठेवून करणे, मोकळ्या सार्वजनिक जागेत ती बाहेर न काढणे आणि चित्रीकरण असल्यास जागेच्या प्रशासनाची परवानगी घेऊन स्थानिक पोलीस ठाण्यास आगाऊ कळवणे ही किमान दक्षता ठरते. प्लॅस्टिकचे छर्रे जंगलात व गवतात पसरल्यास ते वेचून काढणे जवळपास अशक्य असते. चरणारी गुरे व पक्षी यांच्या दृष्टीने हेही अनिष्ट आहे.

## कायदेशीर स्थिती

### भारत

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार, छर्रा वा गोळी झाडू शकत असो वा नसो, बंदुकीसारखी दिसणारी कोणतीही वस्तू ‘नकली बंदूक’ ठरते. अशा वस्तूचे परवान्याविना खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास याच कलमान्वये मनाई आहे. कायदेशीर अटकेस विरोध करण्यासाठी नकली बंदुकीचा वापर केल्यास कलम २८ नुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये हवेच्या दाबावरील शस्त्रांसाठी २० जूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी व्यास या मर्यादा दिल्या आहेत. त्यांपलीकडील शस्त्र परवान्याच्या कक्षेत येते. एअरसॉफ्टची ऊर्जा या मर्यादेपेक्षा फारच कमी असली तरी त्याचा ६ मिमी व्यास ४.५ मिमीपेक्षा अधिक आहे. केवळ ऊर्जा कमी म्हणून ती मुक्त आहे असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे खरेदी वा आयात करण्यापूर्वी परवाना अधिकाऱ्यांकडून खातरजमा करणे आवश्यक ठरते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. प्राण्यास इजा करू शकणारे कोणतेही साधन या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत येते.

### इतर देश

जपानमध्ये २००६ पासून एअरसॉफ्टच्या ऊर्जेवर सुमारे १ जूलची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर निर्बंध आले. एअरसॉफ्ट खेळाडू व चित्रपटनिर्मिती यांना त्यांतून सूट आहे. तेथे २०१७ पासून स्वयंचलित एअरसॉफ्टसाठी १.३ जूल आणि एकेक छर्रा झाडणाऱ्यांसाठी २.५ जूल ही मर्यादा लागू आहे.

अमेरिकेत १९८८ च्या कायद्यान्वये खेळण्यातील व नकली बंदुकांच्या तोंडाशी ठळक नारिंगी खूण आवश्यक आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलंड शहरात तामिर राइस या बारा वर्षांच्या मुलाजवळील एअरसॉफ्ट पिस्तुलावर ही खूण नव्हती. ते खरे समजून पोलिसाने झाडलेल्या गोळीने जखमी झालेला हा मुलगा दुसऱ्या दिवशी मरण पावला.

## हेही पहा

* आरे वसाहत
* दादासाहेब फाळके चित्रनगरी
* शस्त्र अधिनियम, १९५९
* स्टेनगन
* पेंटबॉल