सालवनांचा लांबशिंगी शत्रू

ग्वाल्हेरच्या भोवतालच्या कोरड्या टेकड्यांवर खैर, धावडा आणि करधई वाढतात. सालवृक्ष तेथे नाही. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत राज्य मध्यप्रदेशात विलीन झाले आणि दूर पूर्वेकडील मंडल्याची विस्तीर्ण सालवने ग्वाल्हेरकरांच्याही राज्याचे धन ठरली. या धनावर एका लहानशा जीवाने दोनदा मोठा घाला घातला आहे.

हा जीव म्हणजे सालवृक्ष पोखरणारा भुंगेरा. शास्त्रज्ञ त्याला हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस म्हणतात. डोक्यावरील लांबलचक शृंगिकांमुळे त्याच्या कुळाला लांबशिंगी भुंगेरे हे नाव मिळाले. पावसाळा लागताच तो खोडातून बाहेर पडतो. मादी खोडावरील फटींत अंडी घालते आणि अळ्या पार गाभ्यापर्यंत बोगदे कोरतात. निरोगी वृक्ष राळ ओतून कोवळ्या अळ्यांना बुडवून मारतो. म्हणून एरवी हा कीटक पडलेल्या वा मरणोन्मुख झाडांवरच निर्वाह करतो. त्याची संख्या बेसुमार वाढली, की मात्र एकेका वृक्षावर शेकडो अळ्या तुटून पडतात, राळ अपुरी पडते आणि धडधाकट वृक्षही वाळतो.

१९२३ ते १९२८ या काळात मंडल्यात असेच घडले. सुमारे ७० लाख सालवृक्ष नष्ट झाले. त्यावर योजलेला उपाय साधा होता. ताजे तोडलेले ओंडके ठेचून रानात ठेवीत; रसाच्या वासाने भुंगेरे जमत, रस पिऊन सुस्त होत आणि वनवासी माणसे त्यांना हातांनी वेचीत. मुंडकी मोजून मजुरी मिळे.

१९९० नंतरच्या दशकात मंडला-दिंडोरी भागात हे संकट पुन्हा कोसळले. लक्षावधी वृक्षांना कीड लागली. पुन्हा तेच ओंडके आणि तेच वेचणारे हात कामी आले. पण लागलेली झाडे सरसकट तोडावीत, की सौम्य लागण झालेली राखावीत, यावर तीव्र वाद माजला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कीड लागलेले प्रत्येक झाड मरतेच असे नाही, ही बाब त्या वादात महत्त्वाची होती.

तोडलेले व उन्मळलेले लाकूड पावसाळ्यापूर्वी रानाबाहेर काढावे, हा या इतिहासाचा धडा आहे. तेच लाकूड रानात कुजत राहिले, तर भुंगेऱ्याला आयते घर मिळते. कीटक रानात पूर्वीपासूनच आहे. त्याची साथ होऊ द्यावी की नाही, हे पुष्कळ अंशी माणसाच्या दक्षतेवर अवलंबून असते.