‘अपू’ आणि ‘अप्पू’ : एका नावाचे अनेक धनी

बंगालमधील खेड्यातला एक मुलगा, अमेरिकेतील एका काल्पनिक शहराचा दुकानदार, हॉलीवूडच्या विनोदी चित्रपटात केवळ उल्लेखापुरते येणारे माकड, सर्कशीतला बुटका विदूषक आणि आशियाई क्रीडास्पर्धांचे हत्तीचे पिल्लू या सर्वांना एकाच नावाने ओळखले जाते. बंगालीत ते ‘अपू’ असे उच्चारले जाते, दक्षिणेत ‘अप्पू’. बंगाली कुटुंबांत शाळा-कचेरीसाठी एक ‘भालो नाम’ आणि घरच्यांनी हाक मारण्यासाठी एक ‘डाक नाम’ असते. ‘अपू’ हे ‘अपूर्व’चे असे डाक नाम. दक्षिणेतील ‘अप्पू’ही लाडाचाच. कन्नडमध्ये तर ‘अप्पु’ या क्रियापदाचा अर्थ मिठी मारणे असा होतो. झाडांना मिठी मारून ती वाचविणाऱ्या १९८३ च्या ‘अप्पिको’ आंदोलनाचे नाव त्याच धातूवरून आले आहे.

या नावाला साहित्यात प्रतिष्ठा मिळाली ती विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’मुळे. १९२८ मध्ये ‘बिचित्रा’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी पुढील वर्षी पुस्तकरूपात आली. निश्चिंदीपूर गावचा गरीब पुरोहित हरिहर, त्याची पत्नी सर्वजया, मुलगी दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू, असे हे कुटुंब. सत्यजित राय यांनी त्यावर १९५५ मध्ये चित्रपट केला. विभूतिभूषण यांचे १९५० मध्येच निधन झाले होते. पडद्यावरचा अपू त्यांना पाहता आला नाही. काशाच्या गवतातून धावत जाऊन आगगाडी पाहण्याचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु अपूची खरी ओळख शेवटाजवळच्या दृश्यात होते. दुर्गेच्या मृत्यूनंतर घर आवरताना तिने चोरलेली माळ त्याच्या हाती लागते आणि कोणाला काहीही न सांगता तो ती तळ्यात फेकून देतो. ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) या पुढील चित्रपटांत हा मुलगा विद्यार्थी, पती आणि पिता होतो. ‘अपराजितो’ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ‘अपूर संसार’ने सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांना प्रथमच पडद्यावर आणले.

बालवयातील अपू साकारणाऱ्या सुबीर बॅनर्जी यांनी त्यानंतर चित्रपटात काम केले नाही. नाव मात्र त्यांना आयुष्यभर चिकटले. त्यांच्यावरून प्रेरणा घेतलेल्या ‘अपूर पांचाली’साठी कौशिक गांगुली यांना २०१३ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला.

राय यांच्या अपूची कीर्ती पश्चिमेकडे पोहोचली, त्याचबरोबर नावाची चेष्टाही सुरू झाली. राय यांनी ‘द एलियन’ या चित्रपटाची पटकथा १९६७ मध्ये लिहिली होती आणि त्यातील मारवाडी व्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी ब्रिटिश अभिनेते पीटर सेलर्स यांचा विचार झाला होता. तो चित्रपट झालाच नाही. सेलर्स मात्र १९६८ मध्ये ‘द पार्टी’ या चित्रपटात चेहरा सावळा करून हृंडी बक्षी नावाचा वेंधळा भारतीय नट म्हणून झळकले. या बक्षीच्या पाळीव माकडाचे नाव होते अपू. राय यांना ते खटकले आणि पुढे त्यांनी त्याविषयी लिहिलेही.

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतील अपू नहासपीमापेटिलॉन १९९० मध्ये प्रथम दिसला. त्याचे नाव राय यांच्या चित्रत्रयीवरूनच ठेवलेले. हेतू गौरवाचा होता. स्प्रिंगफील्ड गावात ‘क्विक-ई-मार्ट’ हे किराणा दुकान चालविणारा अपू संगणकशास्त्रातील डॉक्टरेट आहे, पत्नी मंजुळा आणि एकाच वेळी जन्मलेल्या आठ अपत्यांचा तो कुटुंबप्रमुख आहे. प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो त्याचा हेलकाढू उच्चार. हा आवाज हँक अझारिया या गौरवर्णीय अभिनेत्याचा, आणि तो घडविताना ‘द पार्टी’मधील सेलर्स नजरेसमोर होते, असे अझारिया यांनीच सांगितले आहे. राय यांना दुखावणारी नक्कल अशा रीतीने राय यांच्याच नायकाच्या नावाने घरोघरी पोहोचली.

अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना त्याची किंमत मोजावी लागली. न्यूयॉर्कमध्ये तेलुगू आईवडिलांच्या घरी वाढलेले विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट केला. शाळेत याच नावाने, याच आवाजात डिवचले गेल्याचे अनुभव त्यात दक्षिण आशियाई वंशाच्या कलाकारांनी सांगितले. मालिकेने २०१८ च्या एका भागात दिलेले उत्तर झटकून टाकण्याच्या सुरातले होते आणि त्याने वाद अधिकच वाढला. २०२० मध्ये अझारिया यांनी ही भूमिका सोडली. पुढील वर्षी त्यांनी जाहीर क्षमा मागितली. त्यानंतर स्प्रिंगफील्डच्या गर्दीत अपू अधूनमधून दिसतो, पण बोलत नाही. आवाज काढून घेणे हा या प्रश्नावरचा उपाय ठरतो का, याविषयी स्वतः भारतीय वंशाच्या प्रेक्षकांतही एकमत नाही.

दक्षिणेतील अप्पूंची वाट अशी काटेरी नाही. १९८९ च्या ‘अपूर्व सगोदररगळ’ या तमिळ चित्रपटात कमल हासन यांनी सर्कशीत काम करणारा आणि वडिलांच्या खुनाचा सूड घेणारा बुटका अप्पू साकारला. हिंदीत हा चित्रपट ‘अप्पू राजा’ म्हणून आला. ‘अपूर्व’ हा शब्द येथे थेट शीर्षकातच आहे, हा योगायोग गमतीचा. कन्नडमध्ये पुनीत राजकुमार यांचे घरचे नावच अप्पू होते. नायक म्हणून त्यांच्या २००२ च्या पहिल्या चित्रपटाचे शीर्षक आणि त्यातील पात्राचे नावही तेच. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा चाहत्यांनी शोक केला तो अप्पूसाठी.

देशभरातील मुलांना मात्र सर्वप्रथम ठाऊक झाला तो हत्ती. नवी दिल्लीत १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात झालेल्या नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचे हे बोधचिन्ह रंगीत दूरचित्रवाणीच्या आगमनाबरोबरच घरात शिरले. कुट्टिनारायणन या गुरुवायूरच्या हत्तीला या अप्पूचे प्रत्यक्ष रूप मानले गेले. वयाच्या सातव्या वर्षी सेप्टिक टाकीत पाय अडकून तो मोडला आणि ती जखम पुढे कधीच पूर्ण भरली नाही. २००५ मध्ये तो मरण पावला. दिल्लीच्या प्रगती मैदानात १९८४ मध्ये उघडलेले ‘अप्पू घर’ हे मनोरंजन उद्यान २००८ मध्ये बंद झाले. त्या जागेवर आज सर्वोच्च न्यायालयाची अतिरिक्त इमारत उभी आहे.