डॉक्टर एकाच प्रकारचा असावा की दोन?

सर जोसेफ भोर समितीने १९४६ मध्ये भारतीय आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला, तेव्हा ब्रिटिश भारतात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते; साधारण ६,३०० लोकांमागे एक. त्यांपैकी जवळपास ३०,००० जण पदवीधर नव्हते. ते अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले ‘लायसेन्शिएट’ होते. मर्यादित साधने उत्तम प्रशिक्षित ‘मूलभूत डॉक्टर’ घडवण्यावरच खर्च व्हावीत, या भूमिकेतून समितीने तो अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. एवढी टंचाई असताना हा मार्ग बंद करू नये, असे भिन्नमत काही सदस्यांनी नोंदवले.

पुढे अभ्यासक्रम बंद झाला; पदवीधर मात्र प्रामुख्याने शहरांत एकवटले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने ‘सामुदायिक आरोग्य सेवा प्रदात्यां’ना मर्यादित परवान्याची तरतूद केली आणि जुना वाद पुन्हा उफाळला. यामुळे भोंदू वैद्यकीला कायदेशीर मान्यता मिळेल, असा आक्षेप घेत इंडियन मेडिकल असोसिएशनने देशव्यापी आंदोलन केले.

दोन्ही काळांत दोन्ही पक्ष रुग्णहिताचाच दाखला देत होते. मात्र डॉक्टर खेड्यात का टिकत नाही, याचे उत्तर केवळ अभ्यासक्रमाच्या मुदतीत सापडत नाही.