साठ काडतुसे आणि एक लाल कोट : १८१५ च्या शिपायाचा सरंजाम

जून २०१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईला दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने बेल्जियममधील जुन्या रणभूमीलगतच्या शेतांत सुमारे ५,००० माणसे नेपोलियनकालीन सैनिकांच्या वेषात उतरली. जुनी लढाई त्याच पोशाखात, त्याच शस्त्रांनिशी पुन्हा उभी करण्याच्या या प्रकाराला रीएनॅक्टमेंट म्हणतात. पाहणाऱ्याला धूर आणि तोफा दिसतात. पण या छंदातला खरा वेळ, खरा पैसा आणि खरे वाद सरंजामापायी खर्ची पडतात. १८१५ च्या ब्रिटिश पायदळातील साध्या शिपायाच्या अंगाखांद्यावर नेमके काय होते, त्याचा हा धागा.

पहिली अडचण पुराव्याची. संग्रहालयांत त्या काळचे कोट पुष्कळ दिसतात, परंतु ते बहुतांशी अधिकाऱ्यांचे. अधिकारी आपला पोशाख स्वखर्चाने शिवून घेई, घरी जपून ठेवी, आणि वारस तो पुढे संग्रहालयाला देत. साध्या शिपायाला सरकारकडून वर्षाकाठी एक कोट मिळे. तो झिजेपर्यंत वापरायचा, मग कापून त्याची बंडी करायची, उरल्या चिंध्यांनी बंदूक पुसायची. लाखो कोट शिवले गेले, आणि आज साध्या शिपायाचा अस्सल कोट ही दुर्मीळ वस्तू ठरते.

म्हणून नवखा रीएनॅक्टर बहुधा अधिकाऱ्याचा कोट पाहून शिपायाचा कोट शिवतो, आणि तिथेच चुकतो. दोघांचा लाल रंग एक नव्हता. अधिकाऱ्याच्या कापडाला कोचिनील किड्यापासून काढलेला झळझळीत किरमिजी-लाल रंग असे. शिपायाच्या कापडाला मॅडरच्या मुळांचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातील वनस्पतीचा, विटकरी लाल. तो उन्हाने उडे आणि पावसाने उतरे. वॉटर्लूच्या आदल्या रात्री, १७ जूनला, पावसाने सैन्याला झोडपून काढले. सकाळी उठलेल्या शिपायांच्या पांढऱ्या परतळ्यांवर कोटांचा लाल रंग ओघळलेला होता. चित्रपटांतले चकचकीत लाल सैन्य त्या सकाळी तिथे नव्हते.

कापडाचीही अशीच गोष्ट. पेशवाईच्या कागदांत सकलाद, बनात ही नावे वारंवार येतात, त्याच जातीची जाड विलायती लोकर या कोटांना लागे. ही लोकर विणल्यावर पाण्यात कुटून इतकी घट्ट केलेली असे की कापलेल्या कडेचे धागे सुटत नसत. त्यामुळे अस्सल कोटाच्या कित्येक कडा दुमडलेल्या नसतात, नुसत्या कापून सोडलेल्या असतात. आजची दुकानातली लोकर तशी कापली की लगेच उसवू लागते, मग शिंपी ती दुमडतो, आणि कोट पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखा नीटनेटका पण खोटा होतो. जाणकार रीएनॅक्टर माणसाची पारख आधी त्याच्या कोटाच्या कडेवरून करतात, बंदुकीकडे नंतर पाहतात.

मग अस्सल पोशाख म्हणजे नियमावलीत लिहिलेला पोशाख काय? ८८व्या रेजिमेंटचा अधिकारी विल्यम ग्रॅटन याने स्पेन-पोर्तुगालमधील युद्धाच्या आठवणी लिहिल्या आहेत. तो सांगतो की सेनापती वेलिंग्टनला शिपायाची विजार काळी आहे, निळी आहे की करडी, याच्याशी कर्तव्य नसे. माणूस रणांगणावर धडधाकट यावा आणि त्याच्याजवळ साठ चांगली काडतुसे असावीत, एवढेच तो पाही. मोहिमेवर गेलेल्या पलटणी मिळेल त्या स्थानिक कापडाची ठिगळे लावून चालत. तेव्हा नवाकोरा, कडक इस्त्रीचा गणवेश घालून जो रणभूमीवर उतरतो, तो फार तर कवायतीच्या मैदानावरचा शिपाई उभा करतो. ठिगळ ही इथे सजावट नव्हे, पुरावा आहे. मात्र मुद्दाम फाडून लावलेले ठिगळ लगेच ओळखू येते. ते चालून चालून यावे लागते.

चालण्यावरून बुटांचा विषय निघतो. त्या काळच्या शिपायाच्या बुटांत डावा-उजवा असा भेद नव्हता. दोन्ही एकाच सरळ साच्यावर शिवलेले, आणि झीज सारखी व्हावी म्हणून पाय आलटून-पालटून घालायचे. पहिले काही दिवस पायांना फोड येतात. याविषयी खात्रीने बोलू शकणारा माणूस म्हणजे ९५व्या रायफल पलटणीचा बेंजामिन हॅरिस. तो पूर्वी डॉर्सेटमध्ये मेंढ्या राखी, पलटणीत चांभारकाम करी. त्याने सांगितलेल्या आठवणी हेन्री कर्लिंग या अधिकाऱ्याने लिहून घेतल्या आणि त्या १८४८ मध्ये छापल्या गेल्या. १८०८-०९ च्या हिवाळ्यात स्पेनमधून माघार घेताना वाटेत पडलेल्या कित्येकांना पाठीवरच्या ओझ्याने मारले, असे त्याचे ठाम मत होते.

ते ओझे साधारण २५ ते ३० किलोंचे. काळा रंग दिलेली कॅनव्हासची चौकोनी पाठपिशवी, तिच्यावर गुंडाळलेला करडा ओव्हरकोट, घोंगडी, पत्र्याचे जेवणाचे भांडे, शिध्याची झोळी, लाकडी पाण्याचे पिंप, संगीन, बंदूक. पिशवीचे पट्टे काखेखालून जात आणि आणखी एक पट्टा छातीवर आवळला जाई. गळ्याभोवती कडक चामड्याची पट्टी, तिने मान खाली झुकत नसे. हा सगळा सरंजाम चढवून पाच-सहा किलोमीटर चालले की दम का लागतो हे फुप्फुसांना कळते. कागदपत्रांत 'सैन्य अमुक मैल चालले' एवढेच असते.

आता बंदूक, आणि इथे भारताचा संबंध थेट येतो. वॉटर्लूवर ब्रिटिश शिपायाच्या हातात जी गारेची बंदूक होती तिचे नावच 'इंडिया पॅटर्न'. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदुस्थानी फौजांसाठी हा आटोपशीर, स्वस्त नमुना बनवून घेतला होता. नळी ३९ इंच, म्हणजे ब्रिटिश सैन्यातल्या जुन्या नमुन्याहून ३ इंच आखूड. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले आणि इंग्लंडला बंदुका पुरेनात. तेव्हा सरकारने कंपनीच्या बंदुका विकत घेतल्या आणि पुढे तोच नमुना आपला म्हणून स्वीकारला. थोडक्यात, कंपनीच्या हिंदुस्थानी शिपायासाठी ठरवलेले हत्यार लंडनच्या राजाच्या शिपायाने उचलले. तीत ठासायची दारू ज्या सोऱ्यापासून होई, त्याचा मोठा पुरवठा बिहारमधून जात असे.

आजही चक्र फिरून तिथेच आले आहे. जगभरचे रीएनॅक्टर वापरतात त्या नकली बंदुकांपैकी पुष्कळ भारतातल्या कारखान्यांत तयार होतात. रंजकाचा काना न पाडता, म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू म्हणून, त्या परदेशी पाठवल्या जातात. शौकीन मंडळी त्यांच्यावर नाके मुरडतात, कारण अक्रोडाच्या दस्त्याऐवजी सागवान किंवा शिसव असते. (भारतात अशा बंदुकीत काना पाडून दारू भरण्याचा विचार कोणी करू नये; ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.)

एका काडतुसात कागदाच्या सुरळीत सुमारे ३२ ग्रॅमची शिशाची गोळी आणि दहाएक ग्रॅम दारू. अशी साठ तोसदानात, म्हणजे काडतुसांच्या चामडी पेटीत, भरली की अडीच किलो होतात. प्रयोगात गोळी अर्थातच नसते, आणि गजही सहसा नळीत घालत नाहीत. घाईत तो आतच राहिला तर बाणासारखा सुटतो. मात्र काडतूस दातांनी तोडण्याची कृती तशीच राहते. दारूचे कण जिभेवर येतात, सोरा खारट लागतो, तोंडाला कोरड पडते. पाच-सात बारांत माणूस पाण्याच्या पिंपाकडे हात नेतो. लाकडाचे ते निळसर पिंप किती मोलाचे होते, हे तेव्हा समजते.

ही तहान डोक्यात ठेवून १ जानेवारी १८१८ चे भीमेकाठचे कोरेगाव पाहावे. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील मुंबई फौजेचे शिपाई शिरूरहून रात्रभर चालून सकाळी तिथे पोहोचले आणि गावात अडकले. नदी डोळ्यांसमोर, पण पेशव्यांच्या सैन्याने वाट अडवलेली. दिवसभर काडतुसे दातांनी तोडायची आणि घोटभर पाणी नाही. लढाईच्या वर्णनांत फौजांचे आकडे असतात, डावपेच असतात. पण सोऱ्याने फाटलेल्या ओठांचा उल्लेख फारसा सापडत नाही.

कोरेगावचा तो शिपाई उभा करायचा तर काम वॉटर्लूच्या शिपायाहून कितीतरी अवघड. त्या काळातील चित्रांत कंपनीचा शिपाई लाल कोटात दिसतो, पण खाली मांडीपर्यंतची जांघ्या, तिला दातेरी नक्षीची किनार, गळ्यात चामडी पट्टीऐवजी मण्यांची माळ, पायांत वहाणा. ही चित्रे बहुधा युरोपीय हातांची, आणि त्यांना वेगळेपण रंगवण्याची हौस असे. शिवाय शिपायाच्या दृष्टीने पोशाख ही निव्वळ सरकारी बाब नव्हती. मद्रास फौजेत चामड्याचा तुरा असलेली नवी पगडी आली, कपाळावरचे गंध आणि कानांतले दागिने बंद झाले, तेव्हा १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात उठाव झाला. हुकूम मागे घ्यावे लागले. सरसेनापती क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक दोघांनाही परत बोलावले गेले. पगडीवर चुकीचा तुरा लावणारा रीएनॅक्टर इथे निव्वळ शिवणकामात चुकत नाही.

कोरेगावच्या जयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. 'नाक' प्रत्ययाची महार शिपायांची नावे त्यांत बरीच. वॉटर्लूवर पडलेल्या साध्या शिपायांच्या वाट्याला दगडावर नाव क्वचितच आले, त्यांचे काही सामान मात्र संग्रहालयांत पोहोचले. इथे उलट आहे. नाव वाचता येते, पण माप घ्यायला कोट नाही, वहाण नाही, तोसदानही नाही. त्यामुळे हा शिपाई शिवायला बसणाऱ्याने कात्री उचलण्याआधी कंपनीच्या पुरवठ्याच्या याद्या वाचाव्यात, दोन-तीन चित्रकारांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवावीत आणि सगळ्यांत जे समान आहे तेवढेच पहिल्या खेपेला कापावे.