गोलविक्रम, आइस हॉकीतील

गोलविक्रम, आइस हॉकीतील : निरनिराळ्या काळांतील आइस हॉकीपटूंची तुलना करताना केवळ गोलांची संख्या पुरेशी ठरत नाही, म्हणून त्या त्या मोसमाच्या परिस्थितीनुसार ती समायोजित करण्याची सांख्यिकीय पद्धती रूढ झाली. १९१७ मध्ये कॅनडात स्थापन झालेल्या ‘नॅशनल हॉकी लीग’च्या विक्रमांसंदर्भात ती मुख्यत्वे वापरतात.

पहिल्या मोसमात (१९१७-१८) दर सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी ९·५ गोल होत. १९२८-२९ मध्ये हे प्रमाण ३ च्याही खाली आले. त्या मोसमात माँट्रिऑलचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ पैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. पुढील मोसमात चकती पुढे देण्यावरील निर्बंध शिथिल होताच गोल जवळजवळ दुप्पट झाले. १९८०–९० या दशकाच्या प्रारंभी सरासरी ८ वर गेली, तर बचावात्मक डावपेच व सुधारित गोलरक्षण यांमुळे शतकाच्या अखेरीस ती ५·५ च्या खाली उतरली. मोसमातील सामनेही २२ वरून ८२ झाले.

प्रचलित पद्धतीत ८२ सामने आणि दर सामन्यास ६ गोल हे प्रमाण मानतात व खेळाडूचे गोल त्या प्रमाणात वाढवितात किंवा घटवितात. १९८१-८२ मध्ये वेन ग्रेट्स्की याने केलेले ९२ गोल या हिशेबाने सुमारे ७१ भरतात. २००७-०८ मधील अलेक्झांडर ओव्हेच्किन याचे ६५ गोलही सुमारे तितकेच होतात. सकृद्दर्शनी दिसणारे २७ गोलांचे अंतर असे जवळजवळ नाहीसे होते.

तथापि या पद्धतीला मर्यादा आहेत. जो मलोन याने १९१७-१८ मध्ये २० सामन्यांत ४४ गोल केले. त्या मोसमातील २२ सामन्यांचे प्रमाण ८२ पर्यंत ताणल्यास त्याचे गोल शंभरावर जातात. परंतु त्या वेळी प्रमुख खेळाडू जवळजवळ पूर्ण वेळ खेळत, हे त्यात लक्षात घेतले जात नाही. मॉरिस रिशार याने १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल केले, तेव्हा अनेक खेळाडू युद्धसेवेत होते. प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा सरासरीवरून पुरता कळत नाही.

ग्रेट्स्कीने कारकीर्दीतील १,४८७ सामन्यांत ८९४ गोल केले. ६ एप्रिल २०२५ रोजी ओव्हेच्किनने आपल्या १,४८७ व्याच सामन्यात ८९५ वा गोल करून तो विक्रम मोडला. सामन्यांची संख्या समान असली, तरी ओव्हेच्किनचे गोल कमी गोलांच्या काळातील आहेत. विक्रम प्रत्यक्ष गोलांवरच ठरतो. समायोजित आकडे त्याचे मोल जोखण्यास साहाय्यभूत होतात.