१६० चौरस फुटांत घर लावताना

‘जमीन सोडा, भिंत वापरा’ हा सल्ला मोबाइलवर रोज कुठली तरी रील देते. मुंबईत तो निदान शंभर वर्षं जुना आहे.

१९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्या खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला काँक्रीटच्या चाळी बांधल्या. त्याच या बीडीडी चाळी. खोली साधारण १६० चौरस फुटांची. तीच बैठक, तेच स्वयंपाकघर, तिथेच झोपायचं. मग भिंती कामाला लागल्या. भांड्यांना मांडणी, डब्यांना फळी, कपड्यांना दांडी, पिशवीला खुंटी. ट्रंका पलंगाखाली, सणासुदीचं सामान माळ्यावर. आडोशाला जुन्या साडीचा पडदा.

यात हौस असेलही, पण गरज मोठी होती. गिरणीत एकजण लागला की मागोमाग गावचा भाऊ यायचा, मग भाचा. त्यांची वळकटी पसरायला जमीन मोकळी हवी. सामान भिंतीवर चढलं ते माणसासाठी.

मी तुर्भ्यात भाड्याच्या वन आरकेत राहतो. १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार इथल्या एपीएमसीत आला, त्यामुळे आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या जवळच मिळतात. पॉलिश पेपरने घासून, स्क्रूने भिंतीला आवळल्या की पुस्तकांची मांडणी तयार. स्वस्त आणि मजबूत.

नवीन काही घेताना मात्र मी आधी जमीन मोजतो. गावाहून कुणी आलं तर एक गादी पडेल ना? पडत नसेल, तर फोटो कितीही छान येवो, घर अजून लागलेलं नाही.