मुक्काम हलता, पत्ता कायम

ग्वाल्हेरातल्या मराठी माणसाला ‘कुठं राहता?’ विचारलं, की बरेचदा उत्तर येतं, ‘लष्करात.’ फौजेशी त्याचा काही संबंध नसतो. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. पुढं राहुट्या जाऊन हवेल्या आल्या, बाजार आले, बाड्याचा चौक आला. छावणीचं नाव तेवढं शहराला चिकटून राहिलं.

त्याआधीचा शिंद्यांचा दरबार चालता होता. महादजी कधी मथुरेला, कधी दिल्लीला, अखेरीस पुण्याला. १२ फेब्रुवारी १७९४ला ते वारले तेही पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत. ‘मुक्काम’ आज एक तर उद्या दुसरा. पुण्याहून, दिल्लीहून, कोट्याहून येणाऱ्या पत्रांना गावाचा पत्ता देऊन काय उपयोग? पत्र माणसाच्या नावानं निघे आणि माणूस जिथं असेल तिथं त्याला गाठे.

या कागदांचा एक मोठा गठ्ठा गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३७ साली ग्वाल्हेरच्याच आलीजाह दरबार छापखान्यातून बाहेर पडला. इतिहासाचे अभ्यासक तो राजकारणासाठी वाचतात. पण त्या काळचा कागद नुसता वस्तू म्हणून हातात घेतला तरी बरंच काही सांगतो. वर ‘श्री’, खाली मोडीतला मजकूर. कागद लांब असला तर तुकडे खळीनं जोडलेले आणि पाठीमागं बरोब्बर जोडावर शिक्का, म्हणजे मधला तुकडा कुणी बदलला तर शिक्का तुटलेला दिसावा. मजकूर संपतो तिथं मोर्तब, म्हणजे त्याखाली कुणी एक ओळही घुसडू नये. मग घडी, लाख, लाखोटा. पत्र पोचलं की घेणारा कारकून त्यावर ‘पै॥’ लिहून चंद्राची तारीख टाकी. ही पैवस्ती. पुढच्या पत्रात ‘अमुक तारखेचं पत्र पावलं’ असा मजकूर आला, की पाठवणाऱ्याचा जीव भांड्यात.

वाटेचा मात्र भरवसा नव्हता. चंबळेला पूर आला, बेहडात लुटारू भेटले, की कागद गेला. म्हणून जासुदांची जोडी पाठवत. एक पडला तरी दुसरा पोचावा हा हिशोब. निकडीच्या वेळी सांडणीस्वार, एरवी अजुरा, म्हणजे मजुरी, ठरवून घेतलेला काशीद.

पानिपतची बातमी अशाच एका काशिदाकडून फुटली. युद्ध झालं १४ जानेवारी १७६१ला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडं निघालेले असताना सावकारांचा काशीद त्यांना वाटेत भेटला. ग्रँट डफ ही भेट नर्मदेकाठी घालतो, सरदेसाई भेलशाला. (भेलसा म्हणजे आजची विदिशा, नंतर ग्वाल्हेर संस्थानातला जिल्हा.) औरंगाबादला नऊ दिवसांत पोचायचं, अशी काशिदाची बोली होती. पेशव्यांनी पत्र फोडलं. आत मोती गळाल्याचा आणि मोहरा हरवल्याचा सावकारी हिशोब. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे कुणी उलगडून सांगावं लागलं नाही. लाखोटा फुटला, सांकेतिक भाषाही फुटली. वाटेतल्या माणसाला सगळं कळलं. तो माणूस पेशवा होता, ही गोष्ट वेगळी.

पुढं तारायंत्र आलं, रेल्वे आली, टपालाचे करार आले. १८८५ साली ग्वाल्हेर संस्थानानं इंग्रजांशी टपालाचा करार केला आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानचं नाव छापून यायला लागलं. ती तिकिटं संस्थानाबाहेर, हिंदुस्थानातही चालत. त्यात काहींवर इंग्रजी नावातल्या ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडला. संग्राहक आज ती चूक हुडकत फिरतात.

पण पोचवण्याच्या या गोष्टीतला सगळ्यात बोलका नमुना ग्वाल्हेरच्या जयविलास महालात आहे. माधवराव शिंद्यांची चांदीची आगगाडी जेवणाच्या टेबलावरच्या रुळांवरून मद्य आणि सिगार फिरवत असे. पाहुण्यानं डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू. गंमतच. मात्र टेबलाच्या पार टोकाला बसलेल्या पाहुण्याच्या बाजूनं पाहा. पहिल्यानं पेल्यात ओतायला वेळ लावला, तर सिगारचा डबाही तिथंच अडकून. सिगारचं सुरईशी काही देणंघेणं नसताना.

इंटरनेटचं काम अनेक वर्षं या आगगाडीसारखं चाललं. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या टीसीपी या नियमावलीत सगळी अक्षरं एकाच रांगेत जातात. मधलं एक पाकीट हरवलं की मागची पोचलेली पाकिटंही ताटकळत राहतात. १९८०मध्ये त्याच्या शेजारी यूडीपी आला. त्याचं टिपण अवघं तीन पानांचं, आणि त्यात ना रांग, ना पैवस्ती. काशिदाच्या हाती सुटं पत्र द्यायचं आणि वाट पाहायची.

गूगलमध्ये जिम रॉस्किंड यांनी २०१२ साली या सुट्या पत्रांवरच नवी शिस्त बसवली. तिचं नाव क्विक. मे २०२१मध्ये ती आरएफसी ९००० या टिपणात प्रमाणित झाली, आणि जून २०२२मध्ये तिच्यावर चालणारी एचटीटीपीची तिसरी आवृत्ती. एकाच जोडणीत अनेक प्रवाह वाहतात आणि प्रत्येकाचा क्रम आपापला. चित्राचं पाकीट हरवलं तर मजकूर थांबत नाही. ओळख पटवणं आणि कुलूप लावणं एकाच फेरीत उरकतं. पूर्वी त्याला दोन-तीन फेऱ्या लागत. हरवलेला मजकूर परत पाठवताना पाकिटाला नवा क्रमांक मिळतो, जुना कधीच वापरत नाहीत. शहाणा कारकूनही पत्राची दुसरी प्रत नव्या तारखेनं लिहील. नाहीतर पैवस्ती आली ती पहिल्या पत्राची की दुसऱ्या, कोण सांगणार? टीसीपीला नेमका हाच घोळ सतावत असे.

वाटेतल्या माणसाचाही बंदोबस्त झाला. टीसीपीच्या पाकिटावरचे आकडे उघडे असल्यानं मधली यंत्रं त्यांत डोकावत आणि ओळखीचं न दिसलं तर पाकीट अडवत. क्विकमध्ये पाकिटाचा क्रमांकसुद्धा झाकलेला असतो.

गो भाषेतलं ‘क्विक-गो’ किंवा पायथनमधलं ‘एआयओक्विक’ घेऊन प्रोग्राम लिहिणाऱ्याला यातलं बरंचसं आयतं मिळतं. जोडणी उघडा, प्रवाह उघडा, लिहा. ग्राहकाच्या बाजूनं उघडलेल्या दुतर्फा प्रवाहांना ०, ४, ८ असे क्रमांक मिळतात; मधले आकडे सर्व्हरच्या आणि एकतर्फी प्रवाहांसाठी राखून ठेवलेले. पण कुठला मजकूर कुठल्या प्रवाहात घालायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सगळं एकाच प्रवाहात कोंबलं, की चांदीची आगगाडी परत टेबलावर. नवखे लोक हेच करतात आणि मग क्विक मंद आहे म्हणतात.

आणि मुक्कामाची गोष्ट. टीसीपीची जोडणी दोन्ही टोकांच्या आयपी पत्त्यांना बांधलेली असते. पत्ता बदलला की ती तुटते. क्विकच्या पाकिटावर जोडणीची स्वतःची ओळख लिहिलेली असते. लष्करातल्या एखाद्या घरात व्हिडिओ कॉल चालू आहे, पलीकडून आजी ‘अगं, दिसत नाहीस गं’ म्हणते आहे, आणि नात फोन हातात धरूनच रिक्षात बसते. दौलतगंजातून रिक्षा बाड्याकडं वळेपर्यंत वायफाय सुटून मोबाइलचं नेटवर्क लागलेलं असतं, नातीचा पत्ता बदललेला असतो. तो कॉल क्विकवर चालत असेल आणि दोन्ही टोकांना ही सोय चालू असेल, तर बाड्यावरच्या जुन्या पोस्टासमोरून रिक्षा जाते तेव्हाही आजी तेच वाक्य पुन्हा म्हणत असते.